मामाची कावीळ आणि माझं बाळंतपण

भालकीच्या बसस्टँडवर मला पोचवायला आमचं आख्खं मेहकर गाव आलं होतं, असं मी इकडच्या मैत्रिणींना सांगते. खरं तर एका टेम्पोत मावतील तेवढीच माणसं होती. पण आमच्याकडं एका टेम्पोत किती माणसं मावतात हे ज्यांना माहीत आहे ते हसतील. तुरी फुलावर होत्या आणि सकाळची थंडी नुकती सुरू झाली होती. अप्पा शाळेतून रजा घेऊन आले होते. प्राथमिक शाळेचे मास्तर असल्यामुळं कुठल्याही माणसाला पूर्ण माहिती दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी कंडक्टरला कानडीत सांगितलं, "नम्म मगळ अमेरिकाक्क होंट्याळ्री." आमची लेक अमेरिकेला निघालीय. कंडक्टरनं तिकिटाचा पंच वाजवला आणि मराठीत म्हणाला, "मास्तर, ही गाडी हुमनाबादपतोरच जाती."

सगळे हसले. मीपण हसले, आणि हसता हसताच रडू आलं. मायनं पिशवीत चटणीचा आणखी एक डबा कोंबला. खडक भाकरी होत्या, जवसाची चटणी होती, शेंगादाण्याची होती, आणि शिकागोत कुणी ज्वारी पेरत नाही हे कळल्यामुळं ज्वारीचं पीठपण होतं. बस हलायच्या आधी ती खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "दुखलं खुपलं तर मालकाला सांग. दुसऱ्या कुनाला सांगत बसू नको. लोकं आजाराचं नाव ध्यानात ठिवतेत अन् माणूस इसरतेत."

ती असं का म्हणाली हे मला माहीत होतं. मायचं माहेर हुलसूर. तिथं तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, ऐन तारुण्यात गेला. आधी कावीळ झाली. कावीळ उतरवणाऱ्याकडं नेलं, त्यानं नाकात पाल्याचा रस सोडला, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळं करून दाखवलं. मामाला बरं वाटलं. मग काही वर्षांनी त्याचं पोट फुगायला लागलं आणि तो गेला. माझ्या आज्जीनं सगळा दोष सुनेवर ठेवला. हिचा पाय वाईट, हिनंच काहीतरी खाऊ घातलं. आमच्या लोकांनी छपन्न सालानंतर देव्हाऱ्यातले देव काढून टाकले होते, अप्पा तर भाषणं करत; पण करणीची भीती देव्हाऱ्यात नव्हती, त्यामुळं ती तशीच राहिली. मामीला घराच्या मागच्या खोलीत काढलं. तिच्या हातचं पाणी घरात कुणी पीत नसे. एका घरातल्या माणसांनी आपल्याच माणसाला असं वागवावं, हे मी लहानपणी पाहिलं, आणि गावातले इतर आमच्याशी कसे वागतात तेही पाहिलं. भालकीच्या बाजारात चहाच्या हॉटेलाबाहेर आमच्यासाठी वेगळा कप खिळ्याला टांगलेला असायचा. अप्पांनी तो कधी हातात धरला नाही. चहाची कितीही तल्लफ आली तरी घरी येईपर्यंत दम धरायचे.

तर असं सगळं पोटात घेऊन मी शिकागोला उतरले. यशवंत, म्हणजे माझे मालक, मूळचे संतपूरचे. गुलबर्ग्याला इंजिनियरिंग शिकले आणि यंत्रांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या कामाला लागले होते. ते माझ्या आधी येऊन बसले होते. विमानतळावर हातात एक भलामोठा कोट घेऊन उभे होते. त्या कोटात मी शिरले ती पुढं सहा महिने बाहेर आलेच नाही म्हणा ना.

पण मला ते शहर आवडलं. जे सोडून आले त्यांच्यापुढं हे बोलायला संकोच वाटतो, तरी खरं ते सांगते. नळाला चोवीस तास पाणी. रस्त्यानं चालताना माझं आडनाव विचारून कुणी दोन पावलं मागं सरत नव्हतं. तळ्याला समुद्र म्हणावं एवढं मोठं तळं, आणि हिवाळ्यात काठावर गोठलेलं. रेडिएटर रात्रंदिवस ठकठक वाजायचा, त्याला मी "भडभुंजा" नाव ठेवलं होतं. अडचण एकच होती, बोलायचं कुणाशी? माझं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं. मी बोलले की दुकानदारीण प्रेमानं हसायची आणि भलतंच काहीतरी काढून द्यायची. एकदा मीठ मागितलं तर साबण घेऊन आले.

आमच्या बिल्डिंगच्या तळघरात लॉन्ड्री होती. एके दिवशी मी कपडे घेऊन खाली गेले तर एक बाई मशीनला लाथ घालत होती आणि म्हणत होती, "पैसे खाको बैठ गया कम्बख्त!"

माझ्या हातातून कपडे पडले. पृथ्वीच्या या टोकाला दखनी, आमच्या मुलखातली उर्दू!

"आपा," मी म्हटलं, "तुमे कां के?"

ती वळली. "गुलबर्गे की. तू?"

"बीदर की. भालकी के पास."

"अय्यो! तू तो पडोस की निकली ना गे!" असं म्हणून तिनं मला जी मिठी मारली, ती साबणाच्या वासासकट मला आठवते. ही खैरूनआपा. तिचे मियाँ टॅक्सी चालवायचे, पोरं शाळेत जायची, आणि ती तिसऱ्या मजल्यावरून सगळ्या बिल्डिंगचा कारभार बघायची. त्या दिवसापासून ती दार न वाजवता आमच्या घरात येऊ लागली. दर शुक्रवारी बगारा खाना, म्हणजे मसाल्याचा भात, आणि दालचा, म्हणजे डाळीचं कालवण, घेऊन यायची, आणि आम्ही एकाच मोठ्या ताटात जेवायचो.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. आनंदानं वेडं व्हायचंच काय ते बाकी होतं. यशवंतांनी कारखान्यात पेढे म्हणून काहीतरी वाटलं, ते दुधाची पावडर आणि साखर होती, पण सगळ्यांनी खाल्लं. जवळच्या दवाखान्यात नाव घातलं. त्यांनी रक्त घेतलं. आठवड्याभरानं परत बोलावणं आलं, आणि या वेळी डॉक्टरीणबाईंच्या शेजारी एक दुभाषी बसलेले.

गृहस्थ दिल्लीकडचे, स्वभावानं भले. माझं 'हिंदी' म्हणजे दखनी आहे हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ते शुद्ध हिंदीत सांगू लागले. आपल्या रक्तात यकृतशोथाचे विषाणु आहेत. हा संक्रामक रोग आहे. काही वस्तू पृथक ठेवाव्या लागतील. मला त्यातलं 'विष' कळलं. आणि "पृथक बोले तो?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "अलग. आपका सामान अलग."

पुढचं मला ऐकू आलं नाही. ते विचारत होते, सुईनं नशा केली आहे का, नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध आला आहे का. परपुरुषानं असलं विचारावं! मी प्रत्येक प्रश्नाला "नक्को, नक्को" म्हणत होते. ते डॉक्टरीणबाईंकडं बघायचे, त्या माझ्याकडं बघायच्या, आणि आमच्या तिघांत मिळून कुणालाच काही कळत नव्हतं.

घरी येऊन यशवंतांना सांगितलं. माझ्या रक्तात विष आहे, लेकरापर्यंत जाईल, आणि माझं सामान वेगळं ठेवायचं आहे. ते म्हणाले, "सुमन, हे कुनाला बोलू नको. आपलं इथं ऱ्हायच्या कार्डाचं काम अर्ध्यावर हाय. आजारी मानसाला कोन ठिवून घेतंय? परत पाठवतील." ते निर्दयपणे बोलले नाहीत. घाबरले होते. मीही तेवढीच घाबरले होते. मायनं खिडकीशी सांगितलेलं आता नवरा सांगत होता, म्हणजे ते खरंच असणार.

पुढच्या तारखेला मी दवाखान्यात गेले नाही. फोन वाजला की उचलत नव्हते. बाजारातून एक ताट आणि एक कप आणला आणि स्वयंपाकघरात खिळा ठोकून तो कप टांगला. माझा कप, माझ्याच हातानं. तो बघितला की पोटातलं लेकरू हलायचं, आणि मला वाटायचं ते मला विचारतंय, हे काय करायलीस?

शुक्रवारी आपा ताट घेऊन आली की मी म्हणायची, भूक नाही. दुसऱ्या शुक्रवारी म्हटलं, मळमळतंय. तिसऱ्या वेळी तिनं ताट ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. एवढी बोलघेवडी बाई, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

"एक बात पूछूं? मैं मुसलमान है बोल्को मेरे साथ खाना नक्को बोल रई क्या तू?"

मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. जिला आयुष्यभर लोकांनी लांब ठेवलं, तीच आता दुसऱ्या कुणाला लांब ठेवतेय असं त्या बाईला वाटावं! मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. विष, वेगळं सामान, कार्ड, मामा, खिळ्यावरचा कप.

आपा ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "जहर है बोल्को कौन बोला? डॉक्टरीण बोली, या वो दिल्लीवाला बोला?"

"दिल्लीवाला."

"हौ तो फिर!" ती म्हणाली, आणि खिळ्यावरचा कप काढून सिंकमध्ये टाकला. मग तिनं दालच्यात भात कालवून माझ्या तोंडापुढं घास धरला. "पहले खा. भूकी औरत कू लेको मैं डॉक्टर के पास नै जाती."

सोमवारी आम्ही दोघी गेलो. डॉक्टरीणबाई उंच, पांढऱ्या केसांच्या. मला पाहून त्यांचा चेहरा एवढा उजळला की मीच चपापले. त्या उठून आल्या आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. मग बसून बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं. आपा मान डोलवत होती. शेवटी माझ्याकडं वळून म्हणाली, "कुछ नै होता बोल रै."

"इत्ता लंबा बोले ना?"

"बाकी अंग्रेजी थी."

डॉक्टरीणबाईंना काय झालं ते कळलं असावं, कारण त्या खो खो हसल्या, आणि मग एकेक वाक्य सांगून थांबू लागल्या. आपा एकेक वाक्य दखनीत करत गेली. असं कळत गेलं. विष नाही, एका जातीच्या काविळीचा जंतू आहे. कलेज्यात, म्हणजे लिव्हरमध्ये राहतो. कित्येकांच्या अंगात तो जन्मभर राहतो आणि त्यांना पत्ताही नसतो. कुणाकुणाचं लिव्हर मात्र पुढं खराब होतं, म्हणून तपासत राहायचं. यावर पक्कं औषध अजून नाही, पण लेकराला वाचवता येतं. जन्मल्याबरोबर दोन सुया द्यायच्या, पुढच्या महिन्यांत आणखी दोन, बस. अंगावर पाजायलाही हरकत नाही. नवऱ्यानं रक्त तपासून घ्यायचं, नसला तर त्यालाही लस. वेगळं ठेवायचं ते दाढीचं पातं आणि दात घासायचा ब्रश.

"और ताट?" मी विचारलं. "कप? पानी?"

आपानं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं. मी का विचारतेय ते त्यांना कळणं शक्य नव्हतं, कुठला कप, कुठलं गाव. पण विचारताना माझा आवाज कसा झाला ते त्यांनी ऐकलं. माझ्या पिशवीतून डब्याचं झाकण दिसत होतं. त्यांनी खुणेनं विचारलं, त्यात काय आहे? मी उघडून दाखवलं. भाकरी होती आणि मायच्या रीतीनं केलेली शेंगादाण्याची चटणी. सकाळी मी अर्धी खाल्लेली. बाईंनी माझ्या उष्ट्या भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि तोंडात टाकला.

क्षणभर काही झालं नाही. मग त्यांचा गोरा चेहरा खालून वर लाल होत गेला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी! आपा ओरडली, "पानी देव रे कोई!" नर्स धावत आली. बाई पाणी प्यायल्या, धाप टाकत म्हणाल्या की उष्ट्यानं हा आजार होत नाही, पण चटणी मात्र खरंच संसर्गजन्य आहे, आणि आणखी एक तुकडा घेतला. हे वाक्य आपानं आजपर्यंत कितीदा सांगितलं असेल!

कार्डाचंही विचारून घेतलं. इथं बोललेलं या खोलीबाहेर जात नाही, आणि या आजारासाठी कुणी परत पाठवत नाही, असं त्यांनी सांगितलं. यशवंतांचा मात्र विश्वास बसेना. म्हणजे विश्वास बसला होता, सुईची भीती वाटत होती. "मला काय झालंय? बैलावानी अंग हाय माझं," हे पालुपद चाललं होतं. शेवटी आपानं जिन्यात गाठलं. "बाप बननेवाला है, और सुई से डरता? कल चल. मैं हात पकडती." दुसऱ्या दिवशी ते निमूट गेले. त्यांच्या रक्तात काही नव्हतं. लस घेऊन आले तेव्हा दंड असा काही पुढं करून दाखवत होते, की जणू लढाईवरून परत आले.

बाळंतपणाला माय आली. अप्पांच्या शाळेच्या परीक्षा होत्या, म्हणून एकटी. हैदराबादहून आपाची नणंद येणार होती, तिच्या सोबतीनं. मेहकरच्या बाहेर फार तर गुलबर्गा बघितलेली माझी माय नऊवारीवर स्वेटर घालून विमानातून उतरली, आणि पहिलं वाक्य बोलली, "आगं, वरतं चहा देयलाले पण साखर वेगळी कागदात बांधून. कामून? आपल्याला घालता येत न्हाई व्हय त्यांना?"

तिची आणि आपाची दोस्ती व्हायला चहा होईपर्यंतचाही वेळ लागला नाही. मायची दखनी माझ्यापेक्षा चांगली. निजामाच्या काळातली. दोघी मिळून माझ्या खाण्यावर, झोपण्यावर आणि यशवंतांच्या वागण्यावर हुकूम सोडायच्या. मी सुखात लोळत होते. पण मायला आजाराचं सांगितलं नव्हतं. कारण डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला? मी मामाचं सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, बहुतेक वेळा हा आईकडून लेकराकडं जातो, जन्माच्या वेळी. म्हणजे माझ्याकडं मायकडून आला असणार. हे मायला कोणत्या तोंडानं सांगू?

बर्फ वितळायला लागलं तेव्हा आमची लेक, मैत्री, जन्मली. गुबगुबीत, काळ्याभोर केसांची, आणि रडणं असं की आपा म्हणाली, "आवाज तो पूरा बीदर का है." मायनं तिला घ्यायला हात पुढं केले, तेवढ्यात नर्स दोन सुया घेऊन आली.

"आगं माय! लेकराचे डोळे उघडले न्हाईत अन् सुया कामून टोचायल्यात?"

आपा सांगायला पुढं झाली. मी तिला थांबवलं. मी खाटेवर होते, माय उशाशी. मी तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. कावीळ, लिव्हर, आईकडून लेकराकडं. सांगताना तिच्याकडं बघवत नव्हतं.

"म्हंजी माझ्यापास्नं तुला?"

"तुला तरी कुठं ठावं होतं, माय. तुला आज्जीकडनं आलं आसंल. मामालाबी. कुनाचाच दोष न्हाई."

मला वाटलं आता रडेल. पण ती हळूहळू खुर्चीत ताठ बसली.

"म्हंजी माझ्या भावाचं पोट फुगलं ते ह्यानं?"

"व्हय."

"करणी न्हवती?"

"न्हाई माय. काहीच न्हवती."

"अन् त्या बिचारीला आमी..." ती तिथंच थांबली. मग डोळे पुसून उठली आणि नर्सला म्हणाली, चक्क मराठीत म्हणाली, "टोच बाई. चांगली टोच. अन् मग माझंबी रगत बग."

तिच्या रक्तात तो होता. लिव्हर मात्र ठणठणीत. डॉक्टरीणबाईंनी तिला दर वर्षी तपासून घे म्हणून सांगितलं, आणि दारूचा थेंब नको म्हणाल्या. माय म्हणाली, "ते माझ्या व्याह्याला सांग म्हनावं." व्याही, म्हणजे यशवंतांचे वडील, संतपूरला आहेत आणि त्यांनी हे वाचू नये.

पाळण्याच्या दिवशी आमच्या दोन खोल्यांत बिल्डिंगमधली सगळी माणसं आली होती. वंदना झाली, पंचशील झालं, आपानं दखनी पाळणा म्हटला. आणि मग माझी माय, आजाराचं नाव कुणाला सांगू नको म्हणणारी माझी माय, उभी राहिली आणि दखनीत मोठ्यानं सांगू लागली की हमारेकू ये बीमारी है, बेटीकू है, नातिन कू नै होती, सुई दिये. "तुमे भी जाको खून दिखाव. शरम नक्को." खालच्या मजल्यावरच्या कोरियन बाईला त्यातलं अक्षर कळलं नाही. आपाच्या मोठ्या मुलीनं तिला इंग्रजीत सांगितलं. ती बाई नवऱ्याच्या कानाशी लागली, आणि पुढच्याच आठवड्यात ती दोघं मला दवाखान्याच्या दारात भेटली. एकमेकांची भाषा येत नसल्यामुळं आम्ही नुसते हसलो आणि दंड दाखवले.

मैत्री वर्षाची झाली तेव्हा तिचं रक्त तपासलं. जंतू नव्हता. आता कधी व्हायचाही नाही, असं बाई म्हणाल्या. मी तिथंच फरशीवर बसले आणि लेकराला छातीशी धरलं. आपानं त्या संध्याकाळी डबल का मीठा, म्हणजे पावाची मिठाई, केला आणि प्रत्येक दारावर वाटला. कशाबद्दल हे विचारायला कुणी थांबलं नाही, लगेच खाल्लं.

यंदा, नव्वद साली, आम्ही पहिल्यांदा गावाकडं गेलो. मायनं तयारी करूनच ठेवली होती. पहिल्या आठवड्यात सगळ्या घराला बीदरला नेऊन रक्त तपासलं. मधल्या भावाला निघालं. त्याची बायको गरोदर होती; तिला नव्हतं, तेव्हा आधी तिचा जीव भांड्यात पडला, मग आमचा. बाकीच्यांसाठी लस हैदराबादहून आणावी लागली. ती आमच्याकडं सहजी मिळत नाही, आणि थंड ठेवावी लागते. अप्पांनी बर्फ घातलेला थर्मास मांडीवर घेऊन अख्खा प्रवास केला, आणि शेजारच्या प्रत्येक प्रवाशाला थर्मासात काय आहे, ती कशी टोचतात आणि का, हे मराठीत, कानडीत, आणि एका तेलुगू माणसाला हातवारे करून समजावलं. कावीळ उतरवणाऱ्यालासुद्धा त्यांनी घरी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, मास्तर, माझं बी रगत बघायचं का?

आणि मग एके सकाळी माय म्हणाली, "चल हुलसूरला."

मामी त्याच घरात राहते. आज्जी गेली, दीर-जावा वेगळे झाले, आता पुढच्या दोन खोल्या तिच्याकडं आहेत. केस पांढरे, पण चालणं तुरतुर. आम्हाला बघून ती गडबडली, कारण मायनं त्या घरात पाय ठेवून बरीच वर्षं झाली होती. शेजारच्या बाया दारात जमल्या. मायनं बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"वहिनी, माझ्या भावाला कावीळ होती ती जन्माची होती. मलाबी हाय. हिलाबी हाय. आमच्या घरातली हाय, तुमच्यामुळं काय झालं न्हाई. आमी तुमच्यावर घातलं ते खोटं होतं."

मामीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता ही हंबरडा फोडणार. पण तिचे खांदे हलत होते ते हसण्यानं.

"आता सांगायलाव व्हय," ती म्हणाली. "सासूबाई जित्या असत्या तर मजा आली असती." आणि मग खरंच रडली, पण थोडीच. मायच्या खांद्यावर डोकं ठेवून. मग उठली, घागरीतून तांब्या भरला आणि मायपुढं धरला. माय घटाघटा प्यायली. अर्धा तांब्या संपवून तिनं दुसऱ्या हातानं मैत्रीला जवळ ओढलं आणि तिलाही पाणी पाजलं. दारातल्या बायांपैकी एकजण पुढं आली आणि म्हणाली, "मलाबी दे गं पाणी, ऊन लई हाय."

निघायच्या दिवशी मेहकरला मी मायला विचारलं, "आता कवा बोलावशील?" ती म्हणाली, "घरला बोलावणं लागतंय व्हय?"

विमानात मी त्यावर बराच विचार केला. घर सोडून गेलेल्यांना वाटतं, घर मागं राहिलं. मागं राहिलेल्यांना वाटतं, लेक दुसऱ्याच्या मुलखात गेली. मलाही पहिली वर्षं तसंच वाटायचं. आता विचाराल तर, मला अंगातलं सगळं सांगून ज्या दारात तसंच उभं राहता येतं, ते माझं घर. हुलसूरला मामीच्या ओसरीवर ते मला सापडलं, आणि ते भालकीहून हुमनाबादच्या बसनं फार लांब जाऊनही सापडतं.

शिकागोत उतरलो तेव्हा बाहेर पाऊस होता. मैत्री यशवंतांच्या खांद्यावर झोपलेली. जिना चढून आलो तर आमच्या दाराचं कुलूप उघडं, आत दिवे लागलेले आणि कांदा तळल्याचा वास. आपा कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"इत्ती देर कायकू?" ती म्हणाली. "भात ठंडा हो रा."